एकोणिसाव्या भागातली आई

“ताई, ओळींचं राहू दे जरा. तुम्ही एकदा तिच्या घरी जाऊन या.”

निसार मुजावरचा हा फोन शुक्रवारी सकाळी आला तेव्हा माझ्या एका हातात नाचणीच्या सत्त्वाची वाटी होती आणि दुसऱ्या हाताने मी आठ महिन्यांच्या रेवाची हनुवटी धरली होती. फोन कान आणि खांद्याच्या मध्ये.

“कुणाच्या घरी?”

“काजळीच्या. कुपवाडला राहते ती. तुम्ही सांगलीत, विश्रामबागला. स्कूटीवर पंधरा मिनिटं.”

“तुला काय माहीत ती कुठे राहते?”

“मागं तिचा हेडफोन दुरुस्त करून मीच पाठवलाय की. पत्ता हाय माझ्याकडं. कालची तिची क्लिप ऐकली काय तुम्ही? मागं बाळ रडतंय. मला तर ते स्क्रीनवर दिसतंय, आवाजाच्या सगळ्या लाटा वर चढल्यात. सव्वातीन मिनिटं. आणि ही वाचतच सुटलीय. थांबत नाही, ‘एक मिनिट हं’ म्हणत नाही. एका सुरात.”

“माझ्याही मागे रडतं बाळ, निसार.”

“तुम्ही थांबता की. तुमच्या प्रत्येक क्लिपमध्ये ‘आले गं बाई, आले’ असतंय. मी कापत बसतो ते.”

“मग तूच जाऊन ये.”

“मी? भर दुपारी, नवरा कामावर, आणि दारात मी उभा. ‘वहिनी, मी इंटरनेटवरचा निसार.’ तिचेच वांदे व्हायचे.”

मला हसू आलं. “आपला नियम काय आहे? खरं नाव विचारायचं नाही, घरचं विचारायचं नाही. आणि रविवारी संध्याकाळी भाग सोडायचाय. तिने काय घोळ घालून ठेवलाय ते बघितलंस का तू?” एवढं बोलून मी फोन ठेवला आणि रेवाच्या तोंडात पुढचा चमचा घातला.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. ‘पिवळी ओळ’ नावाचा आमचा गट होता. जपानी अ‍ॅनिमे मालिकांना मराठी उपशीर्षकं द्यायची, फुकट, हौसेने, आणि मालिका तिकडे दाखवल्यापासून तीन दिवसांच्या आत. काम तिघांत वाटलेलं. काजळी जपानीवरून मराठी करायची. मग सगळ्या ओळी मोठ्याने वाचून आवाज रेकॉर्ड करून पाठवायची. त्यावरून निसार प्रत्येक ओळ पडद्यावर किती सेकंद राहील ते ठरवायचा. मिरजेत त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि गिऱ्हाईक नसलं की तो हे करायचा. शेवटी तपासणी माझ्याकडे; बदललेल्या ओळी मीही वाचून रेकॉर्ड करून पाठवायचे. माझं तिथलं नाव कात्री. मी एम.ए.ला कथनशास्त्राचा पेपर घेतला होता, आणि ते मी कुणाला विसरू देत नसे.

मला या मालिका आवडायच्या का? आवडायच्या, म्हणून तर एवढा राग यायचा. नायक गुद्दा मारायच्या आधी त्या गुद्द्याचं नाव ओरडून सांगणार, आणि समोरचा शहाण्यासारखा उभा राहून ऐकून घेणार. हात हवेत असतानाच नायकाला लहानपण आठवणार. ते अकरा मिनिटं चालणार. खलनायक तीन गावं जाळणार आणि मग चार मिनिटांत कळणार की लहानपणी त्याला कुणी वाढदिवसाला बोलावलं नव्हतं, लगेच माफी. नायिकेला काम एकच, नायकाचं नाव घेऊन किंचाळायचं. पण सगळ्यांत तिटकारा मला तिथल्या आयांचा होता. केस सैल बांधून एका खांद्यावरून पुढे घेतलेली बाई दिसली की समजावं, ही तिसऱ्या भागात मरते. आम्ही त्यांना ‘खांदावेण्या’ म्हणायचो. मंद हसायचं, खोकायचं, मरायचं. त्यांच्या मरणावर पन्नास भाग चालायचे आणि त्यांना धड दहा वाक्यं नसायची.

‘राखेचा पूल’ ही त्या वर्षीची मोठी मालिका. नायक तोमा, पोरका. एकोणिसाव्या भागात कळतं की त्याची आई सायो मेलेली नाही. तो सहा वर्षांचा असताना धुक्याच्या सकाळी ती त्याला एका दिवेवाल्याच्या दारात बसवते, त्याचा मफलर नीट करते, “इथेच थांब,” म्हणते आणि निघून जाते. बस. कारण नाही, मागचंपुढचं नाही.

काजळीने तिथे लिहिलं होतं, “मी नसले की तुझं बरं होईल.”

आमच्या सामायिक तक्त्यात माझे शेरे लाल रंगात पडायचे आणि ती खाली ‘मान्य’ किंवा ‘अमान्य’ लिहायची. बहुतेक वेळा अमान्य. एका स्वल्पविरामासाठी ती अर्धा तास भांडायची, आणि जपानीची परीक्षा दिलेली ती असल्यामुळे मला मनात चरफडत माघार घ्यावी लागायची. या वेळी मात्र मला ती सापडली होती. शुक्रवारी दुपारी रेवा झोपली. मी तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघितला, दोन मिनिटांनी परत बघितला, आणि लॅपटॉप उघडला.

“मूळ वाक्यात दोन शब्द आहेत. तू सहा लिहिलेस. कुठून आणलेस?” मी लिहिलं.

उत्तर लगेच आलं. ती तक्ता उघडूनच बसली होती.

“तिच्या चेहऱ्यावरून.”

“चेहऱ्याचा अनुवाद करायचा नसतो. आणि तो चेहरा कुठे आहे? दोन टिंबं आणि एक रेघ.”

“तू परत बघ. मफलर बांधताना तिचा हात थांबतो.”

“थांबतो कारण चित्रकारांना तेवढेच पैसे मिळतात. सायो हे माणूस नाही, सोय आहे. लेखकाला पोरका नायक हवा होता आणि आईला मारायचा कंटाळा आला, म्हणून चालती केली. पोर दुसऱ्याच्या दारात ठेवून निघून जाणारी आई हे आळशी लेखकाचं काम. असली आई जगात नसते.”

“असते.”

“कुठे? दाखव.”

थोडा वेळ नुसता तिचा कर्सर त्या ओळीवर लुकलुकत राहिला. मी रेवाचा श्वास बघून आले. परत आले तर तिथे दोन शब्द होते. “जाऊ दे.”

मी कशाला जाऊ देते? मी तिची ओळ खोडली, ‘इथेच थांब’ घातलं, आणि त्याच झटक्यात गटाच्या पानावर लेख टाकला, ‘राखेच्या पुलावरची कागदी आई’. बाराशे लोक आमचं पान वाचायचे. मी लिहिलं की ज्यांनी कधी मूल हातात घेतलेलं नाही अशांनाच असली पात्रं सुचतात; खरी आई रात्री चारदा उठते, तिला निघून जायला वेळ कुठे असतो? टाळ्यांचा पाऊस पडला. बदामांच्या रांगेत एक बदाम काजळीचाही होता. हरलेल्याने हात मिळवावा तसा तो मी घेतला.

शनिवारी सकाळी तक्ता उघडला. माझे एक्केचाळीस लाल शेरे होते. एक्केचाळिसांखाली एकच शब्द, मान्य. मान्य, मान्य, मान्य. त्यातले दहा शेरे चुकीचे होते. मी ते मुद्दाम टाकले होते, तिने भांडावं म्हणून. सायोच्या ओळीखाली तिने लिहिलं होतं, “तुझंच बरोबर. असली आई नसते.”

मला काळजी वाटली असं लिहायला आवडलं असतं. मला चीड आली. समोरच्याने पत्ते टाकून उठून जावं तशी. त्यात निसारचा परत फोन.

“ताई, शेवटची क्लिप आलीय. या वेळी बाळाचा आवाजच नाही.”

“मग चांगलं आहे की. झोपलं असेल.”

“असेल,” तो म्हणाला. “तुम्ही ऐका तरी एकदा.”

मी ऐकली. काजळी ओळी वाचत होती. सायो, तोमा, दिवेवाला, सैनिक, सगळ्यांच्या ओळी एकाच सुरात, जणू दुकानातली यादी. शेवटची ओळ वाचून झाल्यावर तिने रेकॉर्डिंग बंदच केलं नव्हतं. चाळीस सेकंद नुसती घरघर, गिरणीसारखी, आणि माणसाचा काही आवाज नाही.

मी सासूबाईंना म्हटलं, “आई, रेवाला बघाल का तासभर?”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. आठ महिन्यांत मी माझ्या अंघोळीपुरतंसुद्धा रेवाला त्यांच्याकडे सोडलं नव्हतं. “बघते की. तीन पोरं वाढवलीत मी.”

“झोपली की नाकाखाली बोट—”

“जा तू.”

घरघर खरंच गिरणीची होती. कुपवाडला औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर खाली पिठाची गिरणी, वर एक खोली-स्वयंपाकघर. जिन्यावर पीठ साचलेलं. बेल वाजवली तर माझी मलाच ऐकू आली नाही.

दार उघडलं एका चोवीस-पंचवीसच्या मुलीने. केस घट्ट विंचरून मागे बांधलेले, स्वच्छ ड्रेस, कपाळावर टिकली.

“काजळी?” मी म्हणाले.

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “कात्री? मला वाटायचं तू चांगली उंच असशील.”

“सगळ्यांना वाटतं.”

“ये. मी केतकी. केतकी मुळे. चहा टाकते.”

मी पसारा शोधत होते. पडद्यावर असतं तर अंधार असता, खिडकीवर काळं कापड, सिंकमध्ये भांड्यांचा ढीग, आणि मागे पियानोचे चार सूर, म्हणजे मठ्ठातल्या मठ्ठ प्रेक्षकालाही कळावं. इथे ओटा पुसलेला होता. दुपटी घडी करून रंगाप्रमाणे लावलेली. कपाटाच्या वरच्या खणात भेट आलेली झबली, पिशवीतून न काढलेली. मी मोजली, एकोणीस. गादीवर दोन उशांच्या मध्ये अडीच महिन्यांचा मुलगा जागा पडला होता आणि पंख्याकडे बघत होता. रडत नव्हता.

“हा ईशान,” ती म्हणाली, त्याच्याकडे न बघता. “घे हवा तर. दूध झालंय त्याचं.”

मी हात धुऊन त्याला उचललं. लंगोट पूर्ण भिजला होता, तो बदलला. “घरी कोण असतं?”

“सासूबाई तासगावला गेल्यात, लग्नाला. उद्या संध्याकाळी येतील. संग्रामची पहिली पाळी आहे, चारला येतो.” तिने चहात साखर घातली. “तू भाग सोडायचा सोडून इकडे कशी?”

“तू भांडली का नाहीस?”

“कंटाळा आला.”

“दहा शेरे चुकीचे होते.”

“माहीत आहे. अकरा होते.”

मला बरं वाटलं. हीच ती, माझी काजळी. आणि तेवढ्यात मला फ्रिजवरचा कागद दिसला. आमच्या तक्त्यासारखाच आखलेला, तीन रकाने. वेळ, काय, कुणी. सहा दहा, दूध. सहा चाळीस, खांद्यावर घेऊन ढेकर, डाव्या खांद्यावर लवकर येतो. आठ, तेल, टाळूवर जोर द्यायचा नाही. साडेअकरा, रडला तर आधी मुंगी बघायची, मग भूक. वर ‘सोमवारपासून’, खाली सोमवार ते रविवार, सातही दिवस, बारीक सुवाच्य अक्षरात.

“अगं, हे मला का नाही सुचलं?” मी म्हणाले. खरंच असूया वाटली. “मी नुसती डोक्यात घोकत बसते.”

खाली गिरणी चालू होती.

तपासणाऱ्याची नजर वाईट सवयीची असते. ती आपोआप तिसऱ्या रकान्यावरून खाली उतरते. सासूबाई. संग्राम. सासूबाई. वन्सं. शेजारच्या मावशी. संग्राम. सासूबाई. मी शेवटपर्यंत गेले आणि परत वरून सुरुवात केली, तक्त्यात एखादी ओळ गळली की करते तशी. एका बोटाने, एकेक वार.

“केतकी, यात तुझं नाव राहिलंय.”

“राहिलेलं नाही.” ती कप पुसत होती. “तपासून बघ. चूक नाही ती.”

ईशान माझ्या हातात होता. मी त्याला घट्ट धरलं आणि मग सैल केलं, त्याला दुखेल म्हणून.

“सोमवारी कुठे जाणार आहेस?”

“ते ठरवलं नाही अजून.” तिच्या आवाजात काहीही नव्हतं, ती सगळ्यांच्या ओळी वाचायची तोच सूर. “याला माझ्याजवळ रडूच येतं नुसतं. दुसऱ्यांकडे बरा असतो. काल तर रडायचाही थांबला. मी नसले की त्याचं बरं होईल. आणि तूच लिहिलंयस ना? असली आई नसते. बाराशे लोकांनी वाचलं. मलाही पटलं.”

मी ईशानला डाव्या खांद्यावर घेतलं.

“तुला एकदाही असं वाटलं नाही?” तिने विचारलं. “खरं सांग. नाहीतर चहा घे आणि जा.”

मी हे नवऱ्याला सांगितलं नव्हतं. माझ्या आईला नाही. डॉक्टरीणबाई हसून विचारायच्या, काय म्हणतेय नवी आई, तेव्हाही नाही.

“आठवड्यातून दोनदा,” मी म्हणाले. “दुपारी. रेवा रडत असते आणि मला वाटतं, हिला दुसरी कुणी मिळायला हवी होती. मग मी तिचा श्वास बघत बसते. दिवसातून पन्नास वेळा बघते.”

“मग माझी ओळ का खोडलीस?”

“म्हणूनच.”

तिने कप ओट्यावर ठेवला. पहिल्यांदाच ईशानकडे नीट बघितलं. हात पुढे केला नाही, पण बघितलं.

मी तिथून हलले नाही. तिला म्हटलं, मी संग्रामला बोलावते आणि आपण आजच डॉक्टरांकडे जायचं. ती ‘मान्य’ म्हणाली नाही, ‘अमान्य’ही म्हणाली नाही. मी तिच्याच फोनवरून संग्रामला फोन केला, मग निसारला. निसारने एवढंच विचारलं, “ताई, ती तुमच्या नजरेसमोर हाय ना?” त्याची बहीण मिरजेच्या एका दवाखान्यात परिचारिका होती. तासाभरात त्याने तिथल्या मानसोपचार डॉक्टरांची वेळ मिळवली.

संग्राम पाळी संपायच्या आधीच आला, अंगावर कंपनीचा निळा शर्ट. आल्या आल्या मला बघून गोंधळला, आणि सगळं ऐकून घेतल्यावर सावरला.

“बाळंतिणीला होतं असं, ताई. जागरणं असतात. माझी आई म्हणते, आठ दिवसांत जातं.”

“हा कागद वाचलात तुम्ही?”

“वाचला की. आठ दिवस झाले लावून. छान केलाय. हिला असलं फार चांगलं जमतं.”

“तुमचं नाव किती वेळा आहे?”

त्याने मोजलं. “नऊ.”

“तिचं?”

चार फुटांवर बसून आठ दिवस जेवला तो त्या कागदासमोर. आता त्याने बोट लावून वाचायला सुरुवात केली, ओठ हलवत. मध्यावर आला आणि ओठ थांबले. पुढचं बोटानेच वाचलं. मग तो खाली गेला आणि रिक्षा घेऊन आला.

दवाखान्याच्या दारात निसार बहिणीला घेऊन उभा होता. वर्षभर एकत्र काम केलेली आम्ही तिघं पहिल्यांदा तिथे, चपलांच्या रॅकपाशी भेटलो. “क्लिप चांगली होती तुमची, वहिनी,” तो केतकीला म्हणाला, कारण काय बोलावं ते त्याला कळेना. ती हसली. तोंडाच्या एका कोपऱ्यातून, पण हसली.

डॉक्टर तिच्याशी पाऊण तास बोलल्या. मग आम्हाला आत बोलावून म्हणाल्या की हा आजार आहे, बाळंतपणानंतर होतो, पुष्कळ जणींना होतो, बरा होतो. पण काही दिवस तिला अजिबात एकटीला सोडायचं नाही. “सोमवारची वाट बघितली नाहीत हे बरं केलंत,” त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. मी ते श्रेय घेतलं नाही. घेण्यासारखं नव्हतंच. बाहेर आले तेव्हा लक्षात आलं, साडेचार तासांत मी रेवाची चौकशी केली नव्हती. फोन केला तर सासूबाई म्हणाल्या, “खेळतेय. श्वासही घेतेय.” पुढच्या मंगळवारी मी त्याच डॉक्टरांकडे माझ्यासाठी वेळ घेतली.

रविवारी भाग सुटला नाही. बाराशे लोकांनी आमची यथेच्छ सालटी काढली. बेजबाबदार, नाटकी, फुकटची प्रसिद्धी. निसारने पानावर लिहिलं, “यंत्र बिघडलंय.” मी माझा लेख उडवला. ‘राखेचा पूल’ पुढे आणखी एकतीस भाग चालला. चाळिसाव्यात सायो परत आली, खलनायकाच्या फौजेत, काळा झगा घालून, आणि मुलाच्या मिठीत मेली. त्यांना त्या बाईचं दुसरं काही करता येईना. मी पुढे बघितली नाही.

केतकीची औषधं तेरा महिने चालली. ईशान आता पहिलीत जातो. त्याच्या तिसऱ्या वाढदिवसाला तिने मला लिहिलं, “मी बरी आहे. पण तू समोर आलीस की मला तो कागद दिसतो. नको भेटूया.” मी उत्तर दिलं नाही. तिचं बरोबर होतं आणि या वेळी तरी मला ते तपासायची गरज वाटली नाही.

आता तुमच्याकडे एक काम आहे. यंदा तुमच्या ओळखीत कुणाला तरी मूल झालं असेल. मैत्रीण, भावजय, वरच्या मजल्यावरची. तुम्ही बाळ बघायला जाऊन आला असाल, नाक कुणावर गेलंय त्याची चर्चा केली असेल, पेढा खाल्ला असेल. परत जा. या वेळी बाळ बघायला जाऊ नका, तिला बघायला जा. बाळ हातात घ्या म्हणजे तिचे हात मोकळे होतील, आणि ती कशी आहे ते विचारा. ती म्हणेल, मस्त चाललंय सगळं. घर आवरलेलं असेल, टिकली लावलेली असेल. तरी उठू नका. बसून राहा, आणि दुसऱ्यांदा विचारा.